एका फाइलच्या चौसष्ट फाइली, पर्लने

आमच्या सोसायटीच्या सगळ्या सभांची इतिवृत्तं एकाच लांबलचक टेक्स्ट फाइलमध्ये, प्रत्येकाच्या वर ‘सभा क्रमांक १२’ अशी ओळ, आणि सेक्रेटरीकाकांना हवी दर सभेची वेगळी फाइल. कॉपी-पेस्टमध्ये अख्खा रविवार गेला असता, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत पंधराएक ओळींत काम होतं.

मूळ फाइल ओपन करा, व्हाइल लूपने एकेक ओळ वाचत जा. ओळ ‘सभा क्रमांक’ने सुरू होतेय का ते रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधायच्या सोयीने) बघायचं, आणि सुरुवातीला ^ (म्हणजे ‘ओळीच्या सुरुवातीलाच’) लावायला विसरू नका, नाहीतर मजकुरात कुणी ‘मागील सभा क्रमांक ११ मध्ये ठरल्याप्रमाणे’ लिहिलेलं असतं तिथेही फाइल तुटते. मथळा सापडला की नवी फाइल ओपन आणि पुढच्या सगळ्या ओळी तिच्यात प्रिंट. आधीची क्लोज नाही केली तरी चालतं, त्याच फाइलहँडलवर (उघडलेल्या फाइलला प्रोग्राममध्ये दिलेल्या नावावर) परत ओपन केलं की पर्ल जुनी आपोआप बंद करतं.

फाइली उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे असं सांगा, वाचतानाही आणि लिहितानाही. आणि स्क्रिप्टमध्येच मराठी अक्षरं आहेत म्हणून वर ‘यूज यूटीएफ८’ पाहिजेच.

आता खरी गंमत. फाइलचं नाव नंबरावरून ठेवायचं होतं, तीन आकडी, 001, 002 असं, म्हणून स्प्रिंटएफ हे आकडे हव्या त्या साच्यात मांडणारं फंक्शन वापरलं. रन केलं तर फोल्डरमध्ये एकच फाइल, 000, आणि तिच्यात फक्त शेवटची सभा! झालं असं की रेजेक्समधला बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कुठलाही आकडा’, देवनागरी १२ ला आकडा म्हणून बरोबर पकडतो, पण हिशेबाच्या वेळी पर्लला फक्त 0 ते 9 कळतात, देवनागरी आकड्याची किंमत तो शून्य धरतो. मग चौसष्ट वेळा तीच फाइल उघडली आणि लिहिण्यासाठी फाइल उघडताना दिलेल्या > मुळे दरवेळी आधीचं पुसलं गेलं. उपाय एका ओळीचा, टीआर/०-९/0-9/ (टीआर एका अक्षराच्या जागी दुसरं घालतं) करून आकडे आधी बदलून घ्या. वॉर्निंग्ज चालू असतील तर पर्ल ओरडून सांगतं, मी बंद ठेवल्या होत्या, शहाणपणा.

पहिलीच सभा गायब दिसली तर बहुतेक नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचं न दिसणारं चिन्ह चिकटवलेलं असतं, त्यामुळे ^ जुळत नाही. ते काढा आणि परत रन करा.