शाळेची शंभरी आली? इतिहास लिहायच्या आधी दाखल-खारीज उघडा

शंभरी आली की स्मरणिका निघते अन इतिहास लिहायचं काम कोण्यातरी माजी विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते. तो मग मागच्या स्मरणिकेतला लेख उचलते, 'रोपट्याचा वटवृक्ष' टाकते, संस्थापकांचा फोटो लावला की झालं. असं नका करू ना भाऊ.

पहिले तारखा. गेटवरच्या सालावर जाऊ नका. पुष्कळ शाळा आधी मिडल स्कूल म्हणून निघाल्या, वरचे वर्ग मागून आले, मॅट्रिकची मान्यता त्याच्याही नंतर अन आत्ताची बिल्डिंग तर सगळ्यात शेवटी, म्हणून चारही सालं वेगवेगळी लिहा. नागपूरच्या हिस्लॉपचं पाहा, शाळा १८४६ ची अन कॉलेज १८८३ चं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याच्या आधीचे मॅट्रिकवाले बाहेरच्या विद्यापीठाची परीक्षा देत होते. आत्ताचं राज्य मंडळ तर १९६६ चं, तरी कोणीतरी '१९४० ला राज्य बोर्डात पहिला' असं बिनधास्त छापतेच.

आता खरा माल. हेडमास्तरांची परवानगी काढून दाखल-खारीज रजिस्टर (पोरगं कधी आलं, कधी अन का गेलं याची नोंदवही) मागा अन पालकाचा धंदा हा रकाना वाचत बसा, दोन-तीन दुपारी जातील पण शाळा कोणाची होती ते तिथंच कळते. शाळा नागपूरच्या महाल-इतवारीकडे असेल तर विणकर किती, एम्प्रेस या कापड मिलमधले किती (मिल १८७७ ची), रेल्वेवाले किती, वकील किती. दर दहा वर्षांतलं एक वर्ष घेतलं तरी पुरते. १९५६ ची पानं सोडू नका, त्या वर्षी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून गेली अन भोपाळ झाली, सेक्रेटरिएटमधल्या बाबू लोकांची पोरं नाव काढून गेली का ते शाळा सोडल्याच्या कारणात पाहा.

स्वातंत्र्यलढ्याचा किस्सा तर प्रत्येक शाळेला पाहिजेच असते. नील सिटी हायस्कूलमधून वंदे मातरम् पायी डॉ. हेडगेवारांना काढलं हे सगळ्यांना माहीत आहे, मग आपल्या शाळेतही तसंच झालं होतं असं जुने लोक सांगतात. झालं असेलही. १९४२ च्या ऑगस्टची हजेरी शिल्लक असेल तर गैरहजेरी मोजा, त्या दिवसांचे हितवादचे अंक चाळा (पेपर १९११ पासूनचा आहे), काहीच नाही सापडलं तर 'असं सांगतात' एवढंच लिहा.

शाळेचा स्वभाव मात्र कागदात नाही सापडत. त्याच्यासाठी वेगवेगळ्या बॅचच्या लोकांना तेच ते प्रश्न विचारा: उशीर झाला तर काय व्हायचं, फी थकली तर वर्गात उभं करत का, मुली कधीपासून आल्या, कोणाचा तास बुडवायची हिंमत नव्हती. 'आमचे सर देवमाणूस' ऐकलं की पुढचं विचारा, मारत किती होते? रिटायर झालेल्या चपराशाला विसरू नका बाप्पा, त्याला मास्तरांपेक्षा जास्त माहीत असते.

छापताना जात-पत्त्याचे रकाने असलेल्या पानांचे फोटो टाकू नका, नुसते आकडे द्या. अन रजिस्टर झेरॉक्ससाठी बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात नेऊ नका, तिथंच मोबाईलनं फोटो काढा, ती पानं पापडासारखी तुटतात.