माशांच्या लिनोकट मालिकेसाठी निधी मागताना

माशांची लिनोकट मालिका (लिनोच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, कोरून कागदावर छापलेल्या चित्रांची) करायची आहे, पैसे कसे उभे करू, असं विचारणारे तरुण चित्रकार भेटले की मी उलट विचारते: किती मासे आणि कोणते? बहुतेकांकडे उत्तर तयार नसतं. माशांचं वेड असतं, दोन-तीन देखणे छाप हाताशी असतात, अर्जात ‘जलसृष्टीशी माझं नातं’ असा एक परिच्छेद असतो. ते सगळं मनापासूनचं असतं, पण काम कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार हे पैसे देणाऱ्याला त्यातून कळत नाही. माझ्या अनुभवात एक गोष्ट पुन्हा पुन्हा उपयोगी पडली: निधी मागताना एकक ‘मालिका’ धरू नये, ‘एक मासा’ धरावं. अर्ज, अंदाजपत्रक, वेळापत्रक, देणगीदारांशी बोलणं, सगळं एका माशाच्या हिशेबात मांडावं.

ही रीत जुनी आहे, आणि योगायोगाने माशांच्याच चित्रांची आहे. १६८६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने फ्रान्सिस विलबी यांचा माशांवरचा भलामोठा लॅटिन ग्रंथ छापला. विलबी तेव्हा हयात नव्हते, काम जॉन रे यांनी पुरं केलं होतं. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली चित्रं फार खर्चिक, म्हणून सोसायटीने सभासदांना एकेका चित्राचा खर्च उचलायला सांगितलं आणि देणाऱ्याचं नाव त्या चित्रावर घातलं. अध्यक्ष सॅम्युअल पीप्स यांनी एकट्याने कितीतरी चित्रांचे पैसे भरले. शंभरेक वर्षांनी बर्लिनचे डॉक्टर मार्कुस एलिएझर ब्लॉख यांनी १७८२ ते १७९५ या काळात ४३२ रंगीत चित्रांचा मत्स्यग्रंथ काढला. सुरुवातीचे भाग त्यांनी पदरमोड करून काढले आणि पुढे चित्रागणिक आश्रयदाते मिळवले. चित्राखाली आश्रयदात्याचं नाव असे. ‘हा मासा तुमच्यामुळे झाला’ हे वाक्य देणाऱ्याला समजतं. ‘तुम्ही माझ्या प्रकल्पाच्या बाराव्या हिश्शाला हातभार लावलात’ हे समजत नाही.

रॉयल सोसायटीच्या गोष्टीचा उत्तरार्धही प्रत्येकाने लक्षात ठेवावा. चित्रांना देणगीदार मिळाले, पण ग्रंथ खपला नाही. तिजोरी इतकी आटली की पुढच्याच वर्षी न्यूटन यांचा ‘प्रिन्सिपिया’ छापायला सोसायटीकडे पैसे नव्हते. तो खर्च सोसायटीत नोकरीला असलेले खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी स्वतः केला, आणि हॅलींच्या पगारापोटी त्यांना माशांच्या ग्रंथाच्या शिल्लक प्रती मिळाल्या! काम तयार करण्याचे पैसे आणि तयार झालेल्या कामाचं पुढे काय होणार, हे दोन वेगळे हिशेब आहेत. अर्जात दोन्ही हवेत.

आता एका माशाचा हिशेब करू. समजा चार रंगांचा छाप आहे आणि पद्धत रिडक्शनची, म्हणजे एकच ब्लॉक प्रत्येक रंगानंतर आणखी कोरत जायचा. पिकासोने फ्रान्समधल्या वालोरीस गावी मुद्रक इदाल्गो आर्नेरा यांच्याबरोबर १९५०च्या दशकाच्या अखेरीस याच पद्धतीने लिनोकट केले. या पद्धतीत मागे फिरता येत नाही. दुसऱ्या रंगासाठी कोरलंत की पहिल्या रंगाचा ब्लॉक संपला. त्यामुळे पहिल्या रंगाला जितके कागद घ्याल, त्यांतूनच शेवटची आवृत्ती निघते. २० छापांची आवृत्ती हवी असेल तर मी २८ कागदांनी सुरुवात करायला सांगते. दोन आर्टिस्ट्स प्रूफ (आवृत्तीच्या क्रमांकांबाहेर कलाकारासाठी ठेवलेले छाप), बाकीचे सहा रंग जुळण्यात, शाई कमीजास्त होण्यात आणि हाताळण्यात जाणारे. २८ कागद गुणिले चार रंग म्हणजे एका माशासाठी ११२ वेळा शाई लावून छापणं. मालिका बारा माशांची असेल तर १,३४४. हा आकडा अर्जात लिहा. परीक्षकांपैकी निम्म्यांनी कधी लिनो हातात धरलेला नसतो. ‘हाताने छापलेली मालिका’ वाचून त्यांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, या आकड्याने येतं. शिवाय तुमचं मानधन त्यातूनच सिद्ध होतं. मानधनाचा रकाना कोरा सोडू नका. नवोदित कलाकार कागद, शाई, लिनो, फ्रेम यांचे पैसे न चुकता लिहितात आणि स्वतःच्या श्रमापुढे शून्य मांडतात. त्यातून परीक्षकांना त्याग दिसत नाही. कामाचा अंदाज नाही, एवढंच दिसतं.

वेळापत्रक मात्र कोरण्यावरून ठरत नाही, शाई वाळण्यावरून ठरतं. तेलाच्या शाईचा एक थर नीट वाळायला काही दिवस जातात, दमट हवेत आणखी. ओल्यावर दुसरा रंग चढवला तर तो धरत नाही किंवा खालचा थर उचलला जातो. चार थरांचा मासा म्हणजे दोन-तीन आठवडे सहज. दोन-तीन मासे एकाआड एक चालवले तर वेळ वाचतो, पण मग वाळत घालायला तितकी जागा लागते. वाळवणीचा रॅक ही अंदाजपत्रकातली रास्त नोंद आहे, बिनदिक्कत मागा. लिनोचा साठाही वर्षभराचा एकदम घेऊ नका. लिनो जवसाचं तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा यांचा बनतो, मागच्या बाजूला ज्यूटचं अस्तर. जुना झाला की कडक होतो आणि कोरताना कडा ठिसूळपणे तुटतात. गरम करून थोडा मऊ करता येतो, पण ताज्याची सर त्याला नाही.

कोणते मासे, याचं कारण अर्जात छापाच्या भाषेत यावं. ‘हे मला आवडतात’ एवढं पुरत नाही. रोहूच्या अंगावर मोठे, ठसठशीत खवले असतात. तिथे गोल तोंडाच्या गाऊजचा (कोरायच्या हत्याराचा) एकेक फटका म्हणजे एकेक खवला, आणि रांगा शेपटीकडे निमुळत्या होत गेल्या नाहीत तर मासा फुगलेला दिसतो. शिंगाळ्याला खवलेच नाहीत. त्याचं गुळगुळीत अंग बारीक व्ही-गाऊजच्या समांतर रेषांनी वळवावं लागतं. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. फिक्याकडून गडदाकडे जाणाऱ्या रिडक्शनला हे आयतंच जुळतं. असे दोन-तीन मासे शेजारी ठेवून समजावलं की मालिका का हवी, एक छाप का पुरणार नाही, ते आपोआप पटतं.

संग्रहालय, मत्स्यालय किंवा निसर्ग संवर्धनात काम करणारी संस्था यांच्याकडे जाणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. मत्स्यशास्त्रातल्या चित्रांत माशाचं डोकं डावीकडे ठेवण्याचा प्रघात आहे. छाप उलटा उमटतो, म्हणजे ब्लॉकवर डोकं उजवीकडे हवं. इतर माशांत ही दिशा चुकली तर फक्त प्रघात मोडतो. चपट्या माशांत चित्रच खोटं होतं. त्यांचे दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात, आणि ते डावं की उजवं हे बऱ्याच जातींत ठरलेलं असतं. रेखाटन न उलटवता कोरलंत तर निसर्गात क्वचितच सापडेल असा मासा कागदावर येतो, आणि जाणकाराचा डोळा आधी तिथेच जातो. पार्श्वरेखा (माशाच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीकडे जाणारी रेघ) कुठून वळते, पाठीवर पर एक की दोन, हेही तपासा. रेखाटन एखाद्या मत्स्यअभ्यासकाला दाखवून घ्या आणि तसं अर्जात नमूद करा. अशा संस्थांशी बोलताना मला या एका ओळीचा फार आधार झाला आहे.

पैसे कुठून? अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानांचे निकष शब्दशः वाचा. उदाहरणार्थ, अमेरिकेतलं पोलॉक-क्रासनर फाउंडेशन चित्रकार आणि शिल्पकारांबरोबर मुद्राचित्रकारांचेही अर्ज घेतं, पण कलागुणांच्या जोडीने आर्थिक गरजही पाहतं. तिथे गरज सांगायला संकोच केला तर अर्ज अर्धाच राहतो. गरज न विचारणाऱ्या ठिकाणी मात्र अडचणींची कहाणी सांगू नका, ती जागा कामाला द्या.

लोकवर्गणी लिनोकटला फार मानवते, कारण देणाऱ्याला मूळ कलाकृतीच मिळते, प्रतिकृती नाही. किकस्टार्टरसारख्या मंचावर ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत. म्हणून बारा माशांची रक्कम एकदम लावण्यापेक्षा चार माशांची लावा. चार मासे हाही पूर्ण संच वाटतो. मंचाचं शुल्क, पैसे हस्तांतराचा खर्च, नळकांडी किंवा पुठ्ठ्याचं पॅकिंग आणि टपाल हे सगळं त्या रकमेतच धरा. आणि २०पैकी सगळे छाप बक्षिसांत वाटू नका. निदान सहा-सात मागे ठेवले नाहीत तर प्रदर्शनाच्या वेळी भिंतीवर लावायला तुमच्याकडे काही उरणार नाही. कॉफीचे मग, पिशव्या असली बक्षिसं मी कधी सुचवत नाही. त्यांत पैसा आणि वेळ दोन्ही जातात आणि छापाचं मोल उतरतं.

कोणताही मार्ग धरा, अर्ज करण्याआधी निदान एक मासा पूर्ण करा, स्वतःच्या पैशाने. त्याच्या प्रत्येक रंगानंतरचा एकेक कागद बाजूला काढून ठेवा: पिवळट पहिला थर, मग करडा, मग हिरवट निळा, शेवटी काळा. हे चार कागद एका रांगेत फोटोत आले की लांबलचक निवेदनाची गरज राहत नाही. सोबत ब्लॉकचा फोटो, तिरप्या उजेडात, कोरलेल्या खाचा दिसतील असा.

आवृत्ती किती, प्रूफ किती आणि छपाईनंतर ब्लॉकचं काय करणार, हे अर्जातच लिहून टाका. रिडक्शनमध्ये ब्लॉक आपोआप संपतो. वेगवेगळ्या ब्लॉकनी छापणार असाल तर आवृत्ती पुरी झाल्यावर त्यांवर आडवी रेघ कोरून एक रद्द छाप (ब्लॉक पुन्हा वापरता येणार नाही याचा पुरावा) काढा आणि तो देणगीदारांना दाखवा. माशाचा खर्च उचलणाऱ्याला १/२० क्रमांकाचा छाप द्यायचा की आर्टिस्ट्स प्रूफ, हेही पैसे घेण्याआधीच ठरलेलं असू द्या.