क्लावे मोडू नका: क्यूबन तालवाद्यं वाजवताना या चुका टाळा

कोंगा (हाताने वाजवायचा उंच क्यूबन ढोल) घरी येऊन महिना होत नाही तोच मुलं विचारायला लागतात, "सर, सोलो कधी?" तबल्या-ढोलकीवर हात तयार असेल तर घाई आणखीच. हात चालतो, म्हणून आपल्याला येतंय असं वाटतं. खरी अडचण पाच जणांबरोबर वाजवायला बसल्यावर कळते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे क्लावे मोडणं. क्लावे म्हणजे दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच ठोके. 16 मात्रा धरल्या तर सोन क्लावे 1, 4, 7, 11 आणि 13 वर पडतो. रुम्बा क्लावेत फक्त तिसरा ठोका 7 वरून 8 वर सरकतो. म्हणजे एका बाजूच्या आठ मात्रांत तीन ठोके, दुसऱ्या बाजूच्या आठांत दोन. तीन ठोक्यांची बाजू आधी आली तर 3-2, दोनची आधी आली तर 2-3. गाण्याची चाल, पियानोवर फिरत राहणारा तुकडा म्हणजे मोंतूनो, टिंबालेच्या (काठ्यांनी वाजवायच्या ढोलजोडीच्या) कडेवर वाजणारा ठेका म्हणजे कास्कारा, सगळं याच्यावर बेतलेलं असतं. एकदा सुरू झालेला क्लावे शेवटपर्यंत तुटत नाही.

पुण्यात एका साल्सा कार्यक्रमाची तालीम चालू होती. गाणं 2-3 चं. टिंबालेवरचा मुलगा मूळचा ढोलकीवाला, हात अतिशय गोड. ब्रेकच्या जागी त्याने तिहाई घेतली. तिहाई सुरेख आली, पण आठ मात्रा जास्त घेऊन. ती संपली तिथून गायिकेने कोरस उचलला. क्लावे वाजवणारी मुलगी न थांबता वाजवत राहिली, आणि तिचंच बरोबर होतं. चाल 2-3 ची आणि खाली क्लावे 3-2! पियानोवाला दोन आवर्तनं झगडला आणि त्याने हात उचलले. कोंगावाल्याला पत्ताही नव्हता, कारण त्याचा तुंबाओ, म्हणजे कोंगाचा ठरलेला ठेका, आठच मात्रांचा: 3 वर स्लॅप (चापटीसारखा कडक ठोका), 7 आणि 8 वर खुले ठोके, की पुन्हा पहिल्यापासून. तो दोन्ही बाजूंना सारखाच बसतो. "पण सर, समेवर तर आलो होतो," असं तो टिंबालेवाला शेवटपर्यंत म्हणत होता. तो आला होता नवव्या मात्रेवर.

लयीत पक्की असलेली मुलंच हे जास्त करतात, म्हणून मला त्याचा जास्त त्रास होतो. माझ्याकडे नवीन मुलाने सुरुवातीला ड्रमला हात लावायचा नाही. पायाने ठेका धरून चालायचं, टाळीने क्लावे द्यायचा, तोंडाने कोरस म्हणायचा. तिन्ही एका वेळी न तुटता जमलं की मग वाद्य. मोबाइलवर क्लावे लावून त्यावर वाजवत बसणं मला अजिबात पसंत नाही. मोबाइल बंद झाला की क्लावेही जातो.

दुसरी चूक: सगळ्यांनी एकाच वेळी बोलणं. ग्वाग्वांको हा रुम्बाचा, म्हणजे क्यूबातल्या ढोल, गाणं आणि नाच यांच्या मेळाचा, एक प्रकार. त्यात ड्रम तीन. खर्जातला सालिदोर, मधला त्रेस दोस आणि उंच सुराचा किंतो. बोलायचं काम किंतोचं, आणि तेही नाचणाऱ्यांशी आणि गाणाऱ्याशी. सालिदोर आणि त्रेस दोसच्या खुल्या ठोक्यांची मिळून एक धून बनते. एकाने मध्येच तुकडा टाकला की ती विस्कटते. हवाना आणि मातान्सासच्या गोद्यांत आणि वस्त्यांत, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी ही रुम्बा घडवली. क्यूबात गुलामगिरी 1886 साली संपली, तरी ढोलांवरची सरकारी वक्रदृष्टी सुटली नाही. मग लोकांनी सुक्या मासळीची आणि मेणबत्त्यांची खोकी वाजवली. ढोल नव्हते तेव्हाही एकाने धरायचं आणि दुसऱ्याने बोलायचं ही वाटणी त्यांनी सोडली नाही. 1952 साली मातान्सासमध्ये सुरू झालेला लोस मुनेकितोस हा संच ऐका आणि फक्त सालिदोरवर कान ठेवा. साथ धरणाऱ्याला दुय्यम समजायची खोड तिथे जाईल. माझ्या तालमीत प्रत्येकाला आधी सालिदोर वाजवावा लागतो, सोलोचं नाव नंतर.

स्लॅप जोराने निघत नाही, बोटं सैल सोडल्यावर निघतो. हात सुजत असतील तर चुकतंय. अंगठ्या आधी काढा.

सांबाला साल्साचा क्लावे चिकटवू नका. तो ब्राझीलचा, तिथे मोठ्या सुर्दोचा (खर्जातल्या ढोलाचा) भर दुसऱ्या ठोक्यावर असतो.

बाता ढोलांचे तुकडे फ्यूजनमध्ये 'इफेक्ट' म्हणून वापरणं तर बंदच करा. ईया, इतोतेले आणि ओकोंकोलो ही तिन्ही वाद्यं पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या योरुबा परंपरेतल्या ओरिशांच्या, म्हणजे देवतांच्या, पूजेची. विधिपूर्वक सिद्ध केलेल्या ढोलांना दीक्षा न घेतलेला माणूस हातही लावत नाही. साधे बाता शिकायला मिळत असतील तर जरूर शिका, पण कोणता बोल कोणत्या ओरिशाचा, हे आधी विचारा.

शेवटचं मुंबई-कोकणवाल्यांसाठी. पावसाळ्यात कातडं उतरतं, म्हणून कसून ताणतात आणि तसंच ठेवून देतात. मग कोरड्या, एसीच्या हॉलमध्ये ते आणखी ताणून फाटतं. वाजवून झालं की सगळे नट सारखेच फिरवून कातडं सैल करा.