जुन्या कार्ट्रिजमधला सेव्ह वाचवायचा, तर सेलला हात लावण्याआधी हे करा

जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजमधला, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या डबीतला, गेम सहसा टिकून असतो, कारण त्याचा प्रोग्रॅम मास्क रॉममध्ये कारखान्यातच कायमचा भरलेला असतो आणि त्याला वीज लागत नाही. तुमची प्रगती, म्हणजे सेव्ह, मात्र एसरॅम नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असते आणि ती चिप वीज गेली की सगळं विसरते. कन्सोल बंद असताना तिला वीज पुरवतो बोर्डावरचा ३ व्होल्टचा बटण सेल. तो संपला किंवा तुम्ही तो काढला, की सेव्ह जातो आणि मग कुठल्याही उपायाने परत येत नाही. म्हणून क्रम पाळायचा: आधी काँटॅक्ट (कार्ट्रिजच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या) साफ करायचे, मग सेव्हची प्रत काढायची, आणि सेल सगळ्यात शेवटी बदलायचा. हा क्रम उलटा केला की सेव्ह हरवतो.

या सेलने गेमची गोष्ट किती लांबवली हे विसरू नये. १९८६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये सेव्हची सोयच नव्हती. २० अक्षरांचा पासवर्ड कागदावर उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. त्यातलं एक अक्षर चुकलं तरी पासवर्ड चालायचा नाही. ‘द लिजेंड ऑफ झेल्डा’ १९८७ साली अमेरिकेत कार्ट्रिजवर आला तो आत सेल घेऊनच. कुठली पेटी उघडली, कुठल्या गुहेत जाऊन आलात, हे सगळं अवघ्या ८ किलोबाइटमध्ये मावायचं. त्या काळातले कित्येक सेल आता तीस वर्षांच्या पुढे गेलेत.

तुमच्या कार्ट्रिजमध्ये सेल आहे का?

सगळ्यांत नसतो. निन्टेन्डो ६४ (एन६४) कन्सोलवरच्या ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये ईईप्रॉम ही वीज नसतानाही माहिती धरून ठेवणारी चिप आहे, त्याला सेल लागत नाही. त्याच कन्सोलवरच्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये मात्र एसरॅम आणि सेल आहे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरच्या ‘सॉनिक ३’ मध्ये एफरॅम ही तशीच चिप आहे, तोही सेलशिवाय चालतो. गेम बॉय ॲडव्हान्सच्या ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये सेल आहे, पण तो फक्त घड्याळासाठी. सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो. सुरू करताना आतली बॅटरी संपल्याचा संदेश आला, तरी या दोन्हींमधला सेव्ह शाबूत असतो. भरती-ओहोटीसारख्या वेळेवर चालणाऱ्या गोष्टी तेवढ्या थांबतात.

‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’चं प्रकरण नाजूक आहे. तिथे एकाच सेलवर सेव्हही चालतो आणि घड्याळही. नुसत्या एसरॅमला साधारण १ मायक्रोअँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाह पुरतो. सीआर२०३२ सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास धरली, तर हिशेबाने तो पंचवीस वर्षं जातो. घड्याळाचा क्रिस्टल अखंड चालू असतो, तो याच्या काही पट जास्त खातो. त्यामुळे ‘गोल्ड’-‘सिल्व्हर’चे सेल त्यांच्याहून जुन्या ‘रेड’-‘ब्लू’च्या आधी संपलेले दिसतात. तुमच्याकडच्या ‘गोल्ड’मध्ये सेव्ह अजून जिवंत असेल, तर पहिला नंबर त्याचा लावा.

उघडणं आणि साफसफाई

एनईएस, एसएनईएस, एन६४ आणि गेम बॉय या निन्टेन्डोच्या कन्सोलच्या बहुतेक कार्ट्रिजना ३.८ मिमीचा गेमबिट (खास आकाराचा स्क्रूड्रायव्हर) लागतो. ४.५ मिमीचा गेमबिट कन्सोलच्या बाहेरच्या स्क्रूंसाठी असतो, तो इथे बसत नाही. गेम बॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजना तीन पात्यांचा ट्राय-विंग लागतो. पेनचं टोक वितळवून स्क्रूवर दाबायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती करू नका. प्लॅस्टिक स्क्रूच्या खाचेत अडकून बसतं आणि नंतर खरा गेमबिटही आत जात नाही. फॅमिकॉमच्या (एनईएसच्या जपानी रूपाच्या) कार्ट्रिजना स्क्रू नसतात, आत खटके असतात. ते उचकटताना तुटतात, म्हणून पातळ प्लॅस्टिकची पट्टी वापरा आणि एका कडेने हळूहळू पुढे सरका.

काँटॅक्ट पुसायला ९० टक्क्यांच्या वरचं, शक्यतो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. इअरबड ओला करा, पण थेंब गळेल इतका नको. पट्टीच्या लांबीच्या दिशेने, बोर्डाकडून कडेकडे पुसा. पहिला बड काळा-करडा निघेल. नवा घ्या, आणि बड पांढरा निघेपर्यंत चालू ठेवा. शेवटी कोरडा बड फिरवून दहा मिनिटं वाळू द्या. डाग निघतच नसेल तर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा अल्कोहोलने काढून टाका. पॉलिश पेपर आणि पितळ चकाकवायची पेस्ट दोन्ही वर्ज्य. पट्ट्यांवरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो, तो घासून गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि काही महिन्यांत पुन्हा काळा होतो.

कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची सवय असेल तर ती सोडा. फुंकर मारून गेम चालू झाल्यासारखा वाटतो, कारण आपण कार्ट्रिज काढून पुन्हा बसवलेलं असतं आणि पट्ट्या कनेक्टरवर नव्याने घासल्या जातात. श्वासातला ओलावा मात्र धातूवर राहतो आणि गंज वाढवतो.

काँटॅक्ट खराब असल्याची लक्षणं कन्सोल स्वतःच दाखवतो. पुढून कार्ट्रिज घालायच्या एनईएसमध्ये लाल दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करतो. आतली लॉक-चिप कार्ट्रिजमधल्या जोडीदार चिपशी बोलू पाहते आणि उत्तर नीट आलं नाही की कन्सोल पुन्हा रिसेट करते. गेम बॉय सुरू होताना कार्ट्रिजमधला लोगो वाचून स्वतःकडच्या नमुन्याशी ताडून बघतो. लोगोच्या जागी काळा पट्टा किंवा विस्कटलेली अक्षरं दिसली आणि गेम तिथेच अडकला, तर संपर्क होत नाहीये. लोगो स्वच्छ येईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका.

सेव्हची प्रत

यासाठी कार्ट्रिज रीडर, म्हणजे कार्ट्रिजमधली माहिती संगणकावर उतरवणारं उपकरण, लागतो. गेम बॉय घराण्यासाठी जीबी ऑपरेटरसारखी तयार उपकरणं मिळतात. अनेक कन्सोलचे गेम असतील तर ओपन सोर्स कार्ट्रिज रीडर हा प्रकल्प चांगला आहे. रीडरवर व्होल्टेजचा स्विच असेल तर तो आधी बघा. गेम बॉय आणि गेम बॉय कलरची कार्ट्रिज ५ व्होल्टवर चालतात, गेम बॉय ॲडव्हान्सची ३.३ व्होल्टवर. ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजला ५ व्होल्ट दिले तर चिप जाऊ शकते.

आधी रीडरने गेमचं नाव वाचू द्या. नाव बरोबर आलं तरच सेव्ह वाचायला घ्या. फाईल आली की तिचा आकार बघा. ‘पोकेमॉन रेड’, ‘ब्लू’, ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’ यांचा सेव्ह ३२,७६८ बाइटचा असतो. घड्याळाची माहिती जोडली असेल तर त्यावर थोडे बाइट जास्त येतात. मग कार्ट्रिज काढून पुन्हा घाला, दुसरी प्रत घ्या आणि दोन्ही फाईलींचा हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) घड्याळाचे जादा बाइट सोडून ताडून पाहा. जुळले तर प्रत खरी. जुळले नाहीत तर काँटॅक्ट अजून मळके आहेत. हेक्स एडिटरमध्ये (फाईलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) फाईलभर नुसतं एफएफ दिसलं, तर रीडरला एसरॅम सापडलीच नाही. शेवटची आणि सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे ती फाईल एम्युलेटरमध्ये (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून आपलं पात्र, त्याचं नाव आणि सामान डोळ्यांनी बघणं. एवढं झाल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नका.

जुना सेल काढायच्या आधी दुसरा सेल तारांनी समांतर जोडायचा आणि सेव्ह जिवंत ठेवायचा, असाही एक मार्ग सांगितला जातो. एक तार निसटली किंवा आयर्नचं टोक दोन ठिकाणी टेकलं की सेव्ह गेलाच. रीडर मिळत असताना त्या वाटेला जाऊ नये.

सेल मोजणं आणि निवडणं

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून सेलच्या दोन बाजूंना टोकं लावा. नवा सेल ३.० ते ३.३ दाखवतो. लिथियम सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग झपाट्याने पडतं, म्हणून २.९ आकडा बघून अजून दहा वर्षं जाईल असं समजू नका. २.७ च्या खाली गेला की लगेच बदला. एसरॅमला माहिती धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट लागतात आणि सेल ते चिप या वाटेवर थोडं व्होल्टेज गळतं.

नवा सेल जुन्यावर छापलेल्याच क्रमांकाचा घ्या. पहिले दोन आकडे व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, पुढचे दोन जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात. सीआर२०२५ म्हणजे २० मिमी रुंद, २.५ मिमी जाड. ‘गोल्ड’मध्ये हाच असतो. जास्त टिकेल म्हणून तिथे ३.२ मिमी जाडीचा सीआर२०३२ घातला तर झाकण फुगू शकतं आणि कार्ट्रिज स्लॉटमध्ये घट्ट बसू शकतं. सेल कारखान्यातच टॅब (धातूच्या पातळ पट्ट्या) वेल्ड केलेला घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका. उष्णतेने आतला दाब वाढून तो फुटू शकतो, आणि फुटला नाही तरी त्याची क्षमता घटते. जुने टॅब ठेवून त्यांच्यामध्ये साधा सेल चिकटपट्टीने दाबून बसवणारेही आहेत. काही महिन्यांनी डिंक ढिला होतो, सेल केसभर सरकतो आणि तेवढ्यात सेव्ह जातो.

सेल बदलणं

आयर्न ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा. ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं, पण टॅब आणि बोर्ड उष्णता शोषून घेतात म्हणून टोक इतकं गरम लागतं. जुन्या जोडावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला मदत करणारा पदार्थ) आणि किंचित नवं सोल्डर द्या. जुनं सोल्डर एकटं नीट वाहत नाही, नव्यात मिसळलं की लगेच पाण्यासारखं होतं. टोक दोन-तीन सेकंद टेकवा आणि टॅब चिमट्याने अलगद उचला. ओढू नका. न वितळलेला टॅब ओढला की खालचा तांब्याचा पॅड बोर्डापासून सुटतो, आणि हे या कामातलं सर्वांत महागात पडणारं नुकसान आहे. ऋण बाजूचा टॅब हट्टी निघेल, कारण तो ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो आणि उष्णता पसरून जाते. तिथे टोक थोडं जास्त वेळ ठेवा, रुंद टोक वापरा, पण जोर लावू नका.

एसएनईएस आणि एन६४ च्या बोर्डांवर टॅबचे पाय भोकांतून पलीकडे गेलेले असतात. सेल निघाल्यावर भोकं सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने साफ करा. गेम बॉयवर टॅब सपाट पॅडवर बसतात आणि शेजारी बारीक कॅपॅसिटर असतात. टोक तिरकं पडून त्यातला एखादा सरकतो, त्याकडे लक्ष ठेवा.

नवा सेल बसवण्याआधी बोर्डावरची अधिक-उणे खूण बघा, जुन्या सेलचा फोटोही जवळ ठेवा. उलटा बसला तर सेव्ह टिकणारच नाही. आधी एक टॅब जोडा, सेल सरळ आहे ना ते बघा, मग दुसरा. फ्लक्स अल्कोहोलने पुसा. टॅबची कड एखाद्या उघड्या जोडाला लागत असेल तर मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी, वीज न वाहणारी टेप) लावा. काढलेला सेल टेपने गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. गिळला गेलेला लिथियम सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो, अर्धा संपलेला असला तरी.

आता सेव्हची फाईल रीडरने परत कार्ट्रिजवर लिहा. ‘गोल्ड’मध्ये घड्याळ चुकलेलं असेल, ते गेममध्ये पुन्हा लावून घ्या.

चाचणी, आणि तरीही सेव्ह राहत नसेल तर

गेम सेव्ह करा, बंद करा, कार्ट्रिज काढून एक दिवस बाजूला ठेवा. पाच सेकंदांत पुन्हा लावून बघणं ही चाचणी नव्हे. बोर्डावरच्या कॅपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज एसरॅमला काही वेळ जगवतो, त्यामुळे कच्चा जोडही पास झाल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सेव्ह गायब असेल तर सेलचं व्होल्टेज टॅबवर मोजा आणि मग टॅब ज्या पॅडवर आहे त्या पॅडवर मोजा. टॅबवर ३ आणि पॅडवर शून्य, म्हणजे जोड कच्चा आहे. दोन्हीकडे ३ असेल तर एसरॅमच्या वीज-पायावर मोजा. तिथे काहीच येत नसेल तर मधला डायोड किंवा वीज बदलणारी छोटी चिप गेली आहे, किंवा उठलेल्या पॅडची वाट तुटली आहे. तुटलेली वाट बारीक तारेने जोडता येते. नवा सेल आठवड्याभरातच २.५ च्या खाली आला तर फ्लक्सचा चिकट थर किंवा टॅबचा स्पर्श यातून प्रवाह गळतोय. बोर्ड पुन्हा धुवा. आणि बोर्डावर चिपऐवजी काळ्या राळेचा गोळा दिसला तर कार्ट्रिज बहुधा नकली आहे. अशा बोर्डांवर सेलची जागाच चुकीची जोडलेली असू शकते, त्यावर वेळ घालवू नका.

झेल्डासारख्या जुन्या एनईएस गेममध्ये एक पथ्य कायमचं पाळायचं: बंद करताना रिसेट दाबून धरायचा आणि मगच पॉवर बंद करायची. वीज पडत असताना प्रोसेसर भरकटतो आणि एसरॅममध्ये काहीबाही लिहून टाकू शकतो. रिसेट धरला की तो थांबलेला असतो. सेल नवा कोरा असतानाही यामुळे सेव्ह बिघडू शकतो.

झाकण लावण्यापूर्वी नव्या सेलवर मार्करने महिना आणि वर्ष लिहा. सेव्हची फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि तिच्या नावात गेम आणि तारीख दोन्ही घाला.