गेमचे तास मोजताना शेजारी अजून दोन आकडे लिहा

गेम सोडा असं मी सांगणार नाहीये, मी पण सोडलेला नाही. पण आधी खरा आकडा बघा. कॉम्प्युटरवर स्टीम या गेमच्या अ‍ॅपच्या लायब्ररीत प्रत्येक गेमचे तास दिसतात, अँड्रॉइडवर सेटिंग्जमधे डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम. माझ्या एका गेमचे चार वर्षांत 1,312 तास निघाले. आठ तासांची ड्युटी धरली तर 164 दिवस होतात, आणि मी निम्मे धरून चाललो होतो.

आता हे तास कुठून आले ते शोधा, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. माझे बहुतेक रात्री साडेअकरानंतरचे होते, म्हणजे झोपेतले. त्यामुळं मी तासांची लिमिट लावलीच नाही, बंद करायची वेळ ठरवली, शेवटची मॅच साडेदहाला, मग हरलो तरी उठायचं.

दुसरा आकडा तब्येतीचा, त्याचा हिशोब सोपाय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. साताऱ्यात राहून त्याला जिम कशाला पाहिजे, सकाळी टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढा, दम टिकायला लागला की अजिंक्यतारा किल्ला. डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब बघायचं, साधारण 20 फूट.

गेम हातातून सुटलाय, कामाचं आणि घरच्यांचं नुकसान दिसतंय तरी थांबवता येत नाही, असं वर्षभर चाललं असेल तर त्याला गेमिंग डिसऑर्डर म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, 2022 पासून लागू असलेल्या आयसीडी-11 मधे, ते नोंदलंय. अशा वेळी एकट्यानं झगडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे.

आणि तिसरा आकडा, मागं काय राहणार त्याचा. यासाठी आठवड्यातला एकच तास काढा पण तो गेमच्याच वेळेतला काढा, नाहीतर तो कधीच निघत नाही. मी आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतोय. पंखा बंद करायचा, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर तिच्या गुडघ्याजवळ ठेवायचा, आणि ओवी म्हण असं एकदम म्हणायचं नाही, तिला सुचत नाही. माहेरच्या जात्याचं विचारलं की हात आपोआप गोल फिरायला लागतो आणि मग ओवी येते. मधे बोलायचं नाही. ओवी संपल्यावर कुणाकडनं शिकलीस ते विचारायचं आणि फाइलला तारीख, गावाचं नाव द्यायचं, एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडं.

तुमच्याकडं ओव्या नसतील तर वडिलांना शेताच्या बांधावर न्या, कुठलं झाड कुणी लावलं ते विचारून लिहून घ्या. आमच्या 23 ओव्या झाल्यात. काही ओव्यांचा दुसरा चरण आज्जीला आठवत नाही, तो तिच्या धाकट्या बहिणीला येतो म्हणते, ती कोरेगावला असते, रविवारी दोघींना एकत्र बसवणार आहे.