बायोसला हात लावण्याआधी: आधी ते ४८ आकडे

येत्या रविवारी भाचीच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम बसवायचीय. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उघडण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानांत, जाणं आलं, दोन-तीन सेटिंग बदलणं आलं. मागे हेच काम मी आणि मुलाने मिळून घरच्या लॅपटॉपवर केलं होतं. त्यानंतर ते विंडोज काही पुन्हा उघडलं नाही. आमच्या बचत गटाचा चार वर्षांचा हिशोब त्यात होता. बारा जणींची पासबुकं गोळा करून तो परत मांडायला तीन आठवडे गेले, आणि एकीच्या दोन हप्त्यांचा मेळ अजूनही लागलेला नाही. तेव्हा या वेळी यादी आधी, हात नंतर.

सगळ्यात पहिली गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, रिकव्हरी की. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. ते कागदावर उतरेपर्यंत बायोस उघडायचं नाही. ‘आमच्याकडे बिटलॉकर नाही, आम्ही कधी चालूच केलं नव्हतं’ असं मीही ठामपणे म्हणत होते. विंडोज होममध्ये त्याचं नाव ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं, आणि नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की बऱ्याच मशीनवर ते आपसूक चालू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्याच्या अटी आणखी सैल झाल्या आहेत. त्यामुळे ‘नसेल’ असं धरून चालू नका. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा आणि डोळ्यांनी बघा.

बायोसमधल्या बदलाने डिस्कचं कुलूप का अडतं, हे समजून घेतलं तर पुढची घाई होणार नाही. डिस्कची चावी टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात मोहोरबंद असते. मशीन सुरू होताना फर्मवेअर (बायोस ज्याचा भाग आहे ते मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) आपली अवस्था त्या चिपकडे नोंदवत जातं: सिक्युअर बूट (खात्रीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं सेटिंग) चालू आहे की नाही, बूटलोडरवर (विंडोज किंवा उबुंटू सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) कुणाची सही आहे. नोंद नेहमीसारखी असेल तर चिप चावी देते. काही वेगळं दिसलं की देत नाही आणि निळा पडदा येऊन ४८ आकडे मागतो. मशीन बिघडलेलं नसतं. मशीन चोरीला गेलं असतं तर त्याने जे करायला हवं होतं, तेच ते तुमच्या बाबतीत करत असतं.

आमचं काय झालं ते सांगते. उबुंटूच्या इन्स्टॉलरने इंटेलचं आरएसटी (डिस्क हाताळायचा इंटेलचा मोड) बंद करा म्हणून सांगितलं. आम्ही बायोसमध्ये जाऊन डिस्कचा मोड एएचसीआय (नेहमीचा साधा मोड) केला आणि लगे हात सिक्युअर बूटही बंद करून टाकलं. निळा पडदा आला. इथे दोन्ही सेटिंग जशीच्या तशी परत फिरवली असती तर बहुधा सुटलो असतो. पण मुलाला सिक्युरिटीच्या पानावर ‘क्लिअर टीपीएम’ दिसलं, वाटलं काहीतरी अडकलंय ते मोकळं होईल, आणि मी हो म्हटलं. चिपमधला ऐवज त्या क्षणी गेला. आता सेटिंग परत फिरवूनही उपयोग नव्हता, फक्त ४८ आकडे उरले. ते होते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. खातं कुणाचं? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने ‘मॅडम, मी सेटअप करून देतो’ म्हणून स्वतःच एक ईमेल बनवून टाकला होता. तो मुलगा दुकान सोडून गेलेला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला.

म्हणून आधी खातं तपासा. आपल्याकडे बऱ्याच घरांत लॅपटॉप दुकानातच ‘सेट’ होऊन येतो. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून वर दिसणारा ईमेल तुमचाच आहे का, त्याचा पासवर्ड तुम्हाला येतो का, ओटीपी तुमच्याच फोनवर येतो का, हे तिन्ही बघा. फोनवरून लॉग-इन करून मायक्रोसॉफ्ट खात्यात रिकव्हरी की दिसते का बघा. आणि तिथे दिसली तरी मशीनकडूनच ती पुन्हा विचारून घ्या, कारण खात्यात जुन्या लॅपटॉपची कीसुद्धा पडून असू शकते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रोमन अक्षरांत, मधे जागा सोडत टाइप करा: मॅनेज-बीडीई, डॅश प्रोटेक्टर्स, डॅश गेट, सी कोलन (manage-bde -protectors -get c:). ‘न्यूमरिकल पासवर्ड’ या ओळीखाली एक लांबलचक आयडी येतो आणि त्याखाली ते ४८ आकडे. आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहा. निळ्या पडद्यावर हाच आयडी दिसतो, त्यावरून कुठली की मागतोय ते कळतं.

लिहायचं कागदावर, पेनाने. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवलीत तर ती कुलपाच्या आतच राहते. फोनमध्ये फोटो असू द्या, पण कागद हवाच. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग लिहिणाऱ्याने उलट वाचून दाखवायचं. एक पडताळा सांगते, तो मला फार उपयोगी पडला: सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. भाचीच्या कागदावर सातव्या गटाला बाकी उरली, बघितलं तर तिच्या घाईच्या अक्षरात १ चा ७ झाला होता. आठही गटांना कॅल्क्युलेटरवर भाग देऊन बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

हे फक्त घरच्या लॅपटॉपचं दुखणं आहे असं समजू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या बिघडलेल्या अपडेटने जगभरची विंडोज मशीनं अडली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण बिटलॉकर असलेल्या मशीनवर तिथे पोचायलाच की लागत होती, आणि मोठमोठ्या कंपन्यांचे लोक ती शोधत बसले होते. आपल्याकडे तर शोधायला आयटी विभागही नसतो. तो कागद आहे का हातात? मग पुढे.

कागद झाला की बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. कंट्रोल पॅनेलमध्ये बटण असतं. होममध्ये नसेल तर वरच्याच कमांडमध्ये गेटच्या जागी डिसेबल (disable) टाका. सस्पेंड म्हणजे डिस्क एन्क्रिप्टेडच राहते, पण तेवढ्यापुरती चिपची पडताळणी थांबते. विंडोज एकदा रीस्टार्ट झालं की संरक्षण बहुधा आपोआप परत चालू होतं, त्यामुळे काम दोन-तीन टप्प्यांत असेल तर दर टप्प्याआधी पुन्हा सस्पेंड करावं लागेल. आणि सस्पेंड केलं म्हणून कागद नको, असं अजिबात नाही.

डेटाची कॉपी बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोन फाइल उघडून बघा, नुसतं फोल्डर दिसणं पुरेसं नाही.

आता मशीनची सध्याची स्थिती. स्टार्टमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ शोधा. ‘बायोस मोड’ समोर यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’ चालू आहे की बंद, लिहून घ्या. यूईएफआय असेल तर बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम नावाच्या पर्यायाकडे फिरकू नका. विंडोज ज्या पद्धतीने बसवलंय, त्याच पद्धतीने सुरू होतं: यूईएफआयसाठी डिस्कची मांडणी जीपीटी, लेगसीसाठी एमबीआर. मोड उलटा केला की ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसतं आणि माणसाला वाटतं डिस्कच गेली. डिस्क जागेवर असते, मोड परत फिरवा. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून सर्रास लेगसी चालू करायला सांगतात, त्यांचं ऐकू नका.

सिक्युअर बूटही शक्यतो चालूच ठेवा. उबुंटूचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीने येतो, तो सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतो. आम्ही ते बंद केलं त्याला काहीच कारण नव्हतं. काही नव्या लॅपटॉपवर मात्र थर्ड पार्टी सर्टिफिकेटला परवानगी देणारं वेगळं सेटिंग असतं, ते चालू करावं लागतं. तेवढ्या बदलानेही बिटलॉकर की मागू शकतो. कागद.

डिस्कचा मोड, म्हणजे आरएसटी, रेड किंवा व्हीएमडी वरून एएचसीआय, हा सगळ्यात घातक बदल. विंडोज नेहमीसारखं सुरू होताना पूर्वीचाच ड्रायव्हर घेऊन बसतं. मोड अचानक बदलला की ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो. त्यासाठी आधी विंडोजमध्येच ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’ उघडून बूटच्या टॅबवर सेफ बूट, मिनिमल निवडा. मग रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नव्या मोडचा ड्रायव्हर उचलेल. मग सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड माहीत हवा. दुकानातल्या मुलाने बनवलेलं खातं असेल तर इथेही अडाल.

बायोसमध्ये जायला डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर मॉडेलप्रमाणे एफ१ किंवा एफ२, आसुसवर एफ२. फास्ट स्टार्टअपमुळे कधी ही बटणं दाबायला वेळच मिळत नाही. मग शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं जा. आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा, खाली सरकवून दिसणाऱ्या ओळींसकट. पडद्याची चमक फोटोत आली तर पुन्हा काढा. ‘लोड डीफॉल्ट्स’ हा परतीचा रस्ता नाही. कारखान्यातली डीफॉल्ट आणि तुमच्या विंडोजच्या वेळची सेटिंग एकच असतील असं नाही, फोटोच खरा.

एका वेळी एकच बदल. सेव्ह, रीस्टार्ट, विंडोज पूर्ण उघडतंय का बघा, मगच दुसरा. सुपरवायझर पासवर्ड सहसा लावू नका. एसरसारख्या काही मशीनवर सिक्युअर बूट बदलण्यापुरता तो लावावाच लागतो, काम झालं की काढून टाका. विसरलात तर आजकालच्या बहुतेक लॅपटॉपवर आतली छोटी बॅटरी काढूनही तो जात नाही. आणि टीपीएम क्लिअर करायचं नाही. कुठल्याही व्हिडिओत सांगितलं असलं तरी, पडदा निळा असो की काळा, कागद हातात नसेल तर त्या ओळीवर एंटर दाबायचं नाही. कागद असेल तरीही उगाच नाही.

चार्जर लावलेला असू द्या. विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह, ८ जीबीचा, आधीच दुसऱ्या मशीनवर बनवून ठेवा. लॅपटॉप अडल्यावर तो बनवायला शेजारी मशीन शोधत फिरावं लागतं.

इतकं करूनही सुरू झालं नाही, तर आधी काय दिसतंय ते नीट बघा. पडदा पूर्ण काळा पण पंखा चालू असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, सेटिंग बदलल्यावर काही मशीन मेमरी नव्याने तपासतात. तरीही नाही, तर चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा. दिवे ठरावीक ठेक्यात लुकलुकत असतील तर व्हिडिओ काढा, तो कोड असतो, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये अर्थ मिळतो. कंपनीचं चिन्ह येतंय पण पुढे जात नाही, तर बायोसमध्ये जाऊन फोटोप्रमाणे शेवटचा बदल परत फिरवा. बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आहे का बघा. निळा पडदा आकडे मागत असेल तर आयडी जुळवा, कागद काढा, टाका. बूटच्या फाइलीच गेल्या असतील तर पेनड्राइव्हवरून रिपेअर, तिथला कमांड प्रॉम्प्ट आणि बूटच्या फाइली नव्याने लिहिणारी बीसीडीबूट (bcdboot) ही कमांड. तिथेही कुलूपबंद सी ड्राइव्ह उघडायला तेच ४८ आकडे लागतात.

सगळं नीट चाललं तर बिटलॉकर परत चालू झालंय का तपासा. उबुंटूचा इन्स्टॉलर अडून बसला म्हणून एन्क्रिप्शन पूर्ण काढून नंतर पुन्हा लावलं असेल, तर की बदललेली असते. नवी की, नवा कागद, पुन्हा ११ चा भाग, आणि जुना कागद फाडून टाका.