घरच्या स्टुडिओत चाल सुचत नाही तेव्हा: सा हलवा, ताल बदला

लॅपटॉप उघडला, हेडफोन चढवले, सिंथचे प्रीसेट एकामागून एक ऐकले, आणि तासाभराने पडद्यावर एका ड्रम लूपशिवाय काहीच नाही. घरी संगीत करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आता इतके आवाज असतात की निवडतानाच कान दमतात, आणि दमलेल्या कानांना सगळंच फिकं वाटतं. म्हणून आधी पर्याय कमी करायचे आणि मग उरलेल्यातली एखादीच गोष्ट जागची हलवायची.

१. चार ट्रॅकचा कोरा प्रोजेक्ट

हे काम आदल्या दिवशीच उरकून ठेवा. तानपुरा, ठेका, पियानोसारखा एक साधा आवाज आणि माइक असे चारच ट्रॅक घ्या. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. वाजवताना बफर (आवाज बाहेर पडण्याआधी संगणक साठवतो तो तुकडा) १२८ सॅम्पलवर असू द्या. तो ५१२ किंवा १०२४ वर राहिला तर पट्टी दाबल्यावर आवाज मागाहून येतो आणि हात लयीतून सुटतो. माइकची पातळी सर्वांत मोठ्या आवाजालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे. इक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब यांना चाल बांधण्याच्या दिवशी हात लावायचा नाही. चाल होण्याआधी मिक्सिंग सुरू झालं की दिवस त्यातच जातो.

२. सूर तेच, सा वेगळा

कीबोर्डवरच्या पाच काळ्या पट्ट्या म्हणजे पाच रागांचं घर आहे. सूर तेच पाच, पण सा कुठे धरला त्यावर राग ठरतो (पट्ट्या डावीकडून मोजायच्या: दोनच्या गटात काळी एक आणि दोन, तीनच्या गटात काळी तीन, चार आणि पाच):

- काळी तीन सा धरली की भूप
- काळी एक धरली की दुर्गा
- काळी दोन धरली की धानी
- काळी चार धरली की मध्यमाद सारंग
- काळी पाच धरली की मालकंस

आपल्या शास्त्रात यालाच मूर्च्छना म्हणतात. आता हे असं वापरा. तानपुरा काळी तीनवर लावा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर ८ बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) एक ओळ मिडीमध्ये, म्हणजे आवाज न नोंदता फक्त दाबलेल्या पट्ट्या नोंदवून, रेकॉर्ड करा. ती फार चांगली नसली तरी चालेल. मग ओळीला अजिबात न हलवता तानपुरा काळी पाचवर न्या. भूपात जो गंधार होता तोच आता सा झाला, आणि मघाशी प्रसन्न वाटणारी ओळ एकदम गंभीर होते. प्रत्येक सा वर ती तीनतीनदा ऐका, जिथे कान टवकारतील तिथे थांबा. मग मात्र ओळीचा शेवट बदलावा लागतो, कारण जुना न्यास, म्हणजे ओळ जिथे विसावते तो सूर, नव्या सा ला लागू पडत नाही. हा शेवट दुरुस्त करतानाच खरी चाल हाताला लागते.

इथे दोन ठिकाणी हमखास बिघडतं. मालकंसात पंचम नाही, त्यामुळे काळी पाचवर तानपुरा सा-म असा लावा. सा-प ठेवलात तर सगळं बेसूर वाटेल आणि दोष ओळीला जाईल. दुसरं म्हणजे कॉर्ड. सवयीने काळी पाचची मेजर कॉर्ड दाबली की शुद्ध गंधार आणि पंचम दोन्ही आत शिरतात आणि मालकंस तिथेच संपतो. सुरुवातीला खाली एकच बेसचा सूर धरा, कॉर्डचं नंतर बघू. (नुसते पाच सूर म्हणजे राग नव्हे, त्याला चलन (सुरांची ठरावीक वाटचाल) लागतं, असं जाणकार म्हणतील. बरोबरच आहे, पण इथे आपल्याला सुरुवात हवी आहे, मैफल नव्हे.)

३. चारच्या चौकटीतून बाहेर

सॉफ्टवेअर उघडताच ४/४ (बारला चार मात्रा) आणि १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके) समोर येतं आणि तिथेच निम्मी गाणी एकसारखी होतात. टाइम सिग्नेचर ७/४ करा, टेम्पो १४० ठेवा आणि सात मात्रांचा रूपक ताल लावा: ती ती ना, धी ना, धी ना. विभाग ३-२-२. मेट्रोनोमचा पहिल्या ठोक्यावरचा जोर मात्र बंद करा. रूपकाची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) खालीवर, म्हणजे बिनजोराच्या जागी येते, त्यामुळे ती हलकी असते. मेट्रोनोम तिथेच टणत्कार करतो आणि ठेक्याचा तोल जातो.

लायब्ररीतला चार मात्रांचा लूप रूपकात बसत नाही म्हणून लोक तो ताणून सातात कोंबतात. तसं करू नका. तो आहे तसा रूपकावर फिरू द्या. दोघे दर २८ मात्रांनी एकत्र येतात, मधल्या वेळात जोर सरकत राहतो. कुठल्या तरी आवर्तनात तो सरकलेला जोर आवडेल. तेवढाच तुकडा कापून घ्या आणि त्यावर मुखडा बांधा.

४. स्वयंपाकघरातला एकच आवाज

सॅम्पल पॅक शोधण्यापेक्षा खलबत्ता घ्या. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, माइक किंवा फोन १५-२० सेंटिमीटरवर. रेकॉर्डिंग शक्यतो वेव्हमध्ये करा आणि फोनमधलं नॉइज रिडक्शन बंद ठेवा, कारण ते घुमणारी शेपटी खाऊन टाकतं. हळू, मध्यम, जोरात असे दहाबारा ठोके घ्या. एक ठोका १२ सेमीटोन खाली उतरवून ३०० मिलिसेकंदांवर कापला की किक, म्हणजे ड्रमचा खालचा धपका, तयार. वर परातीच्या कडेवर बोटाची टिचकी. एवढ्यावरच ठेका उभा करा.

५. शब्द अडले तर अभंगाचा साचा

शब्दांचं गाणं करायचं असेल आणि ओळी पसरट होत असतील तर मोठ्या अभंगाचा हिशेब धरा: अक्षरं ६-६-६-४, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. उदाहरणार्थ:

पाऊस थांबला
पत्र्यावर नाद
देतो कोण साद
अंधारात

प्रत्येक चरणाला केरव्याच्या ८ मात्रा दिल्या तर कडवं ३२ मात्रांत पुरं होतं. सहा अक्षरांच्या चरणात दोन मात्रा उरतात, त्या कोणत्या अक्षरावर लांबवायच्या हे ठरवणं म्हणजेच चाल बांधणं. ‘पाऊस’मधला ‘ऊ’ लांबवून बघा, मग ‘थांबला’चा ‘ला’: दोन वेगळ्या चाली होतील. शेवटच्या चार अक्षरांपाशी तर अर्धी जागा मोकळी, बासरीची किंवा सिंथची फिरत तिथेच बसते. आधी फोनवर गुणगुणून पाहा, कीबोर्डवर मागाहून या. हात नेहमीच्या वळणाने जातात, गळा जात नाही.

६. आठ बारचा लूप फोडायचा कसा

आठ बार झाले की ते शंभरदा ऐकणं हा सर्वांत मोठा सापळा आहे. लूप ऐकून ऐकून कानांना तोच पूर्ण वाटायला लागतो आणि अंतरा सुचणं बंद होतं. त्यावर उपाय उलट्या बाजूने करायचा. लूप आठ वेळा जोडून टाका. ४/४ मध्ये ९० बीपीएमला ६४ बार म्हणजे साधारण २ मिनिटं ५१ सेकंद. आता काही जोडायचं नाही, फक्त पुसायचं. पहिल्या ८ बारांत तानपुरा आणि एक वाद्य ठेवा. पुढच्या ८ मध्ये ठेका येऊ द्या. ३३ ते ४० या बारांत ठेका आणि बेस दोन्ही काढा आणि ती रिकामी जागा वाजवत माइकवर गा. अंतरा बहुतेक वेळा इथे सापडतो, विशेषतः मुखडा मध्य सप्तकात असेल आणि इथे तार षड्जाकडे जाण्याचा प्रयत्न केलात तर.

आवाज लहान ठेवा, शेजारी बोलणाऱ्याचं ऐकू येईल इतपत. मोठ्या आवाजात सामान्य चालही भारी वाटते आणि दुसऱ्या दिवशी निराशा होते.

न जमलेले तुकडे पुसू नका, पण ‘नवीन प्रोजेक्ट १७’ अशा नावाने साठवूही नका. फाइलच्या नावात सा, ताल आणि टेम्पो लिहा: ‘काळी५-रूपक-१४०’. महिन्याने त्याच सा मधले दोन तुकडे शेजारीशेजारी लावून पाहा. एकाचा मुखडा दुसऱ्याच्या अंतऱ्याला पुष्कळदा चालतो. ताल वेगळा असेल तर मिडी असल्यामुळे सूर तसेच ठेवून मात्रा नव्याने मांडता येतात.